महाग कर्ज आधी

पहाटे साडेचार
आंघोळीचं पाणी चुलीवर. लाकडं सासूबाईंनी उन्हाळ्यातच रचून ठेवलीत, कारण त्र्यंबकच्या पावसात वाळकी काटकी मिळत नाही. गॅसवर फक्त नागलीची भाकरी आणि कालवण, म्हणून सिलिंडर पुरवठ्याला येतो. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, माणशी पाच किलो. चौघांचं वीस किलो घरात आलं की वाण्याकडे तेल, मीठ, डाळ एवढंच राहतं.

साडेपाच
देवळाच्या वाटेवर टोपली मांडते. बेल रात्रीच निवडून ओल्या फडक्यात गुंडाळलेला असतो. तिन्ही पानं अखंड हवीत. भोक पडलेलं, कीड लागलेलं पान गिऱ्हाईक हातातही धरत नाही. द्रोणात बेल, दोन झेंडू, मिळालं तर धोतऱ्याचं फूल. भवानी झाली की जीव थाऱ्यावर येतो.

सोमवारी टोपली लवकर रिकामी होते, बुधवारी निम्मी फुलं कोमेजतात. श्रावणात तर हात पुरत नाहीत. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोक रात्रीपासूनच निघतात. आमच्या धंद्याचं वर्ष श्रावणावर आणि पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेवर उभं आहे. तेव्हाचा पैसा तेव्हाच खर्च केला की आषाढात हात पसरावे लागतात.

अकरा
गल्ला मोजते. आधी फुलवाल्याचे, मग हप्त्याचे, उरतील ते घरचे. क्यूआर कोडवर आलेल्या पैशांना हातच लावत नाही, हप्ता त्याच खात्यातून जातो.

दोन
बचत गटाची बैठक. या बैठकीने माझं घर सावरलं. मालकांच्या आजारपणात सावकाराकडून वीस हजार काढले होते, शेकडा पाचने. म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज, वर्षाला बारा हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. मालक गेल्यावर मिळवती मी एकटीच. गटाने शेकडा एकने वीस हजार दिले. ते तसेच नेऊन सावकाराच्या हातात ठेवले आणि सही केलेला कोरा कागद परत घेतला. आता पहिल्या महिन्याचं व्याज दोनशे, आणि मुद्दल फिटेल तसं तेही उतरतं. कर्ज फेडायला कर्ज काढू नये म्हणतात, ते खरंच आहे. पण महागाचं स्वस्ताने फेडलं तर घर तरतं. स्वस्ताचं महागाने फेडलं की बुडतं.

आज शेजारची वहिनी म्हणाली, "ताई, सिंहस्थ आलाय. फायनान्सवाले पन्नास हजार देतात, मोठा स्टॉल टाकू."

मी तिला तारखा सांगितल्या. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पण पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. हप्ता मात्र उचल घेतल्यापासून सुरू होतो. मधले नऊ महिने कशातून भरायचे? ती गप्प बसली. तिचे डोळे भरून आले, कारण तिच्याकडे आधीच दोन लोन आहेत.

साडेसहा
पोरं शाळेतून कधीच आलेली असतात, सासूबाई भात टाकतात. वहिनीच्या दारात वसुलीचा माणूस उभा दिसला. मी जाऊन म्हटलं, "सर, सहानंतर येता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी नऊच्या आधीही नाही." तो पुटपुटत गेला. हा नियम २०२२ चा आहे, आणि गल्लीतल्या फार थोड्या बायकांना ठाऊक आहे.

साडेनऊ
थोरली मुलगी वहीत लिहिते, मी सांगते. फुलं, बस, दूध, हप्ता. नाशिकला जायचं तर महिलांना एसटीचं तिकीट निम्मं, म्हणून फुलं आणायला मीच जाते, पोराला पाठवत नाही. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार वेगळ्या पानावर लिहितो. ते घरखर्चात धरत नाही, सरळ गटाच्या मुद्दलात जातात.

बायांनो, लोनच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी एकच विचारा: सगळे मिळून किती परत करायचे? तो आकडा तुम्हाला कळेल अशा भाषेत लिहून देणं कंपनीला बंधनकारक आहे. आणि सावकाराकडे परवाना नसेल, तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.