वॉकी घेताय? आधी फ्रिक्वेन्सी बघा!

फेस्ट जवळ आला की व्हॉलंटिअर्सना वॉकीटॉकीचे वेध लागतात. कानात हेडसेट, कमरेला सेट... एकदम भारी! पण ऑर्डर टाकण्याआधी जरा थांबा.

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात कमी शक्तीचे सेट विनापरवाना वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला केंद्राच्या डब्ल्यूपीसी विभागाची 'ईटीए' मंजुरी हवी. काही स्वस्त सेट्समध्ये या पट्ट्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सीही टाकता येतात. तुमचं 'स्टेजवर पाणी पाठव' नेमकं पोलिसांच्या किंवा अग्निशमन दलाच्या बोलण्यात घुसलं तर? म्हणूनच २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी नियमावली आणली. सेटची फ्रिक्वेन्सी आणि मंजुरीची माहिती दिलेली नसेल, तर तो घेऊच नका.

आता हेडसेट. बटण दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्दच कापला जातो. बोलून झालं की बटण सोडा, कारण एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. आवाजाने आपोआप सुरू होणारा 'व्हॉक्स' मोड ढोल-ताशाजवळ बंदच ठेवा. नाहीतर सगळ्यांच्या कानात नुसता ढोल! आणि 'प्रायव्हसी कोड'वर भरवसा नको. तो फक्त इतरांचा आवाज तुमच्यापर्यंत येऊ देत नाही. तुमचं बोलणं बाहेर ऐकू जातंच. त्यामुळे कुणाचा मोबाइल नंबर हवेत सोडू नका.

रेडिओची गोडी लागलीच, तर हॅमची परीक्षा द्या. परवाना मिळवा आणि बिनधास्त बोला!