स्नेअर प्रथिने

स्नेअर प्रथिने हा दृश्यकेंद्रकी पेशींमध्ये पटलांचे विलयन घडवून आणणारा प्रथिनसमूह आहे. पेशीतील बराचसा माल पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पुटिकांतून वाहून नेला जातो. हा माल पोहोचता होण्यासाठी पुटिकेचे पटल लक्ष्यपटलाशी एकरूप व्हावे लागते. मात्र पटलांवरील ऋण प्रभार व पाण्याचा थर त्यांना परस्परांपासून दूर ठेवतात, त्यामुळे हे विलयन आपोआप होत नाही.

चेतापेशींमधील यंत्रणा सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. तेथे पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन, तर पेशीपटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ ही प्रथिने असतात. सिनॅप्टोब्रेव्हिन व सिंटॅक्सिन यांचा प्रत्येकी एक आणि स्नॅप-२५चे दोन असे चार सर्पिल भाग एकमेकांभोवती गुंडाळले जातात. कपड्याची चेन लावावी तशी ही गुंफण दूरच्या टोकाकडून पटलाकडे सरकते. तिच्यातून मुक्त होणारी ऊर्जा दोन्ही पटलांना जवळ खेचते. या चतुःसर्पिल जुडग्याची स्फटिकरचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

गुंफण होणे पुरेसे नसते, ती योग्य क्षणी व्हावी लागते. मंक१८ व मंक१३ ही प्रथिने जुळणीस साहाय्य करतात. कॅल्शियम आयनांची वाढ सिनॅप्टोटॅग्मिन ओळखते आणि त्यानंतर एका मिलिसेकंदाच्या आतही विलयन होऊ शकते. वापरलेले जुडगे एनएसएफ हे प्रथिन एटीपी खर्चून सोडवते. ही सोडवणूक थांबल्यास स्नेअर प्रथिने पुन्हा वापरता येत नाहीत.

या यंत्रणेचे महत्त्व दोन जिवाणूंच्या विषांतून विशेष स्पष्ट होते. धनुर्वाताचे विष सिनॅप्टोब्रेव्हिनला छेदते. ते मेरुरज्जूतील निरोधक चेतापेशींवर परिणाम करीत असल्याने स्नायू ताठरतात. बोट्युलिनम विषाचा 'ब' प्रकारही सिनॅप्टोब्रेव्हिनलाच, नेमक्या त्याच जागी, छेदतो. परंतु त्याचे कार्यस्थान चेता-स्नायू संधी असल्याने स्नायू लुळे पडतात. म्हणजे लक्ष्य एक असूनही लक्षणे परस्परविरुद्ध असतात. 'अ' प्रकार स्नॅप-२५ला छेदतो. बॉटॉक्स या औषधात तोच अत्यल्प मात्रेत वापरला जातो.

पुटिका-वाहतुकीवरील संशोधनासाठी जेम्स रॉथमन, रँडी शेकमन व थॉमस झ्युडहोफ यांना २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेकमन यांनी त्यासाठी यीस्टच्या उत्परिवर्तित पेशी वापरल्या होत्या.