वर्षाचं भागलं की काम थांबलं

1932 साली न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या स्कॉट नियरिंग यांच्याजवळ अर्थशास्त्रातली डॉक्टरेट होती, स्वतः लिहिलेली बरीच पुस्तकं होती आणि देशभर नाव होतं. नोकरी मात्र नव्हती, आणि यापुढे कुणी देईल अशी आशाही उरली नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमध्ये ते शिकवत असत. खाणींत आणि गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांबद्दल ते जाहीरपणे बोलू लागले, तेव्हा 1915 मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं. टोलेडोच्या विद्यापीठाने त्यांना घेतलं, पण पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे 1917 मध्ये तिथलीही खुर्ची गेली. युद्धाविरुद्ध लिहिलेल्या एका पुस्तिकेवरून खटला भरला गेला. 1919 मध्ये ते निर्दोष सुटले खरे, पण पाठ्यपुस्तकं बंद झाली आणि प्रकाशकांनी पाठ फिरवली. पुढे कम्युनिस्ट पक्षाशीही बिनसलं. त्यातच महामंदी आली.

त्यांच्याबरोबर हेलन होत्या, वयाने एकवीस वर्षांनी लहान. न्यू जर्सीतल्या थिऑसॉफिस्ट घरात वाढलेल्या हेलन तरुणपणी व्हायोलिन शिकायला युरोपात गेल्या होत्या. तिथे त्यांची गाठ मदनपल्लीत जन्मलेल्या एका तरुणाशी पडली. त्याला ॲनी बेझंट यांनी भावी जगद्गुरू म्हणून पुढे आणलं होतं. जे. कृष्णमूर्ती आणि हेलन यांचा तो जिव्हाळा काही वर्षं टिकला. असे हे दोघे, एक बहिष्कृत अर्थशास्त्रज्ञ आणि एक व्हायोलिन वाजवणारी तरुणी, 1932 साली शहर सोडून व्हरमाँट राज्यातल्या डोंगराळ भागात निघून गेले. स्ट्रॅटन डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी एक पडीक शेतघर घेतलं. हातात दिले 300 डॉलर, आणि बाकीच्या रकमेचं गहाणखत अंगावर घेतलं.

निसर्गसौंदर्याची ओढ हे या स्थलांतराचं मुख्य कारण नव्हतं. शहरात गरिबी आली की भाडं, भाजी, कोळसा, सगळ्यालाच रोकड लागते. गावात निदान पोटापुरतं पिकवता येतं, लाकूड तोडता येतं, हा त्यामागचा साधा हिशेब होता. साध्या राहणीबद्दल लिहिणारे बहुतेक जण मनःशांतीपासून सुरुवात करतात. नियरिंग यांनी सुरुवात केली ती जमाखर्चापासून. त्यांची गोष्ट आजही वाचण्याजोगी आहे ती यामुळेच.

गेल्या गेल्या त्यांनी दहा वर्षांची योजना आखली. अन्न शक्य तेवढं स्वतः पिकवायचं. नवं कर्ज काढायचं नाही. जनावरं पाळायची नाहीत, कारण दोघेही शाकाहारी होते आणि जनावरांना जुंपणं त्यांना पटत नव्हतं. मीठ, तेल, टपाल, कर, अवजारं यांसाठी थोडी रोकड लागणारच होती. ती कुठून आणायची? सुरुवातीचा काही काळ चाचपडण्यात गेला, आणि मग उत्तर अंगणापलीकडच्या मेपलच्या झाडांत सापडलं.

मेपलचा हंगाम मार्च-एप्रिलमधल्या थोड्या आठवड्यांचा असतो. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन, अशी हवा असली की झाडात रस चढतो. खोडाला भोक पाडून नळी ठोकायची, खाली बादली टांगायची. हा रस दिसायला पाण्यासारखा आणि चवीला जेमतेम गोड असतो. साधारण 40 लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप हाती येतं. रस साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे रस वाहता असेपर्यंत भट्टी विझू द्यायची नाही. लाकडाचा धूर, वाफेने भरलेली खोपटी, कढईवर झुकून पाकाचा रंग पाहणारी माणसं... आपल्याकडच्या गुऱ्हाळावर रात्र काढलेल्या कुणालाही हे दृश्य परकं वाटणार नाही. नियरिंग दांपत्याने हा धंदा इतका नेटका बसवला की 1950 मध्ये त्यांचं मेपल साखरेवरचं पुस्तक निघालं आणि ते त्या विषयातलं जाणकारांचं पुस्तक ठरलं. नोबेल विजेत्या लेखिका पर्ल बक व्हरमाँटमध्ये त्यांच्या शेजारी होत्या. त्यांचे पती रिचर्ड वॉल्श यांच्या संस्थेनेच ते प्रसिद्ध केलं.

इथवरची गोष्ट एखाद्या यशस्वी लघुउद्योगाची वाटेल. खरी वेगळी गोष्ट पुढे आहे. हंगामाआधी दोघे बसून येत्या वर्षाला किती रोकड लागेल ते मांडत. तेवढ्याची सोय झाली की त्या वर्षापुरतं पैशासाठी काम करणं बंद. मागणी आहे म्हणून आणखी झाडांना भोकं पाडायची नाहीत, भाव चढला म्हणून मजूर लावायचे नाहीत. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्याकडे जाणूनबुजून पाठ फिरवली होती, आणि या निर्णयामुळेच त्यांना वेळ मिळाला. त्यांच्या अनुभवाप्रमाणे वर्षातले साधारण सहा महिने कष्ट केले की उरलेले सहा महिने वाचन, लेखन, व्याख्यानं आणि प्रवास यांसाठी मोकळे राहत.

दिवसाचीही अशीच वाटणी होती. चार तास पोटासाठीचे श्रम, चार तास स्वतःच्या आवडीचं काम, चार तास लोकांसाठी. सकाळी हवा पाहून ठरवायचं, की शेतात आत्ता जायचं की दुपारी. पोटासाठीचे श्रम प्रत्येकाने स्वतः केले पाहिजेत, ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. बोंदारेव नावाच्या रशियन शेतकऱ्याने ती मांडली, टॉलस्टॉयने ती उचलून धरली, आणि तिथून ती गांधीजींच्या आश्रमातल्या एकादश व्रतांत ‘शरीरश्रम’ म्हणून आली. नियरिंगही टॉलस्टॉयचेच वाचक. सेवाग्राम आणि व्हरमाँट एकमेकांपासून कितीही दूर असोत, दोन्हीकडे कुदळ हाती घेण्यामागचा विचार एकाच घरातून आला होता.

घरं बांधली तीही स्वतःच, दगडाची. न्यूयॉर्कचे वास्तुशिल्पी अर्नेस्ट फ्लॅग यांनी हौशी माणसालाही जमेल अशी एक पद्धत सांगितली होती. लाकडी फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात दगडाची सपाट बाजू बाहेर ठेवून दगड रचायचे, मागे काँक्रीट भरायचं, सुकलं की साचा वर सरकवायचा. गवंड्याचा सराईत हात नसला तरी भिंत सरळ उभी राहते. दगड विकत आणायचे नव्हतेच. फिरायला गेलं की येताना चांगला दिसेल तो दगड उचलून आणायचा आणि त्याच्या जातीच्या ढिगात टाकायचा: कोपऱ्याचे वेगळे, फरशीचे वेगळे, धुराड्याचे वेगळे. घर बांधायला घेण्याच्या कितीतरी आधीपासून हे ढीग वाढत असत. पुढे मेन राज्यात त्यांनी शेवटचं दगडी घर बांधलं तेव्हा स्कॉट नव्वदी ओलांडलेले होते आणि हेलन सत्तरीच्या होत्या. स्कॉट फावड्याने काँक्रीट कालवत आणि हेलन दगड बसवत.

जेवण म्हणजे माणशी एक लाकडी वाडगा. सकाळी फळं, दुपारी सूप आणि उकडलेलं धान्य, रात्री मोठं सॅलड. रविवारी बहुधा उपास असे. 1980 मध्ये हेलन यांनी पाककृतींचं पुस्तक लिहिलं. स्वयंपाकघरात कमीत कमी वेळ घालवता यावा, हाच त्या पुस्तकाचा आग्रह होता. रांधण्यात जन्म घालवणाऱ्या बायकांच्या दृष्टीने पाहिलं, तर त्यांच्या राहणीचा हा भाग आजच्या घडीलाही बंडखोर आहे. कारण ‘साधी राहणी’ म्हटलं की बहुतेक घरांत चूल, वाटण, लोणची-पापड हे सगळं परत येतं, आणि ते करायचं कुणी याचा उल्लेख होत नाही.

नियरिंग यांच्या तत्त्वाची परीक्षा पाहणारा प्रसंग व्हरमाँट सोडताना आला. त्यांच्या मालकीचा जंगलाचा मोठा तुकडा होता, आणि लाकडाच्या किमती वाढल्याने त्याचं मोल बरंच चढलं होतं. ही वाढ आपल्या घामाची नाही, तेव्हा ती आपली नाही, असं म्हणून त्यांनी ते जंगल विनहॉल गावाला देऊन टाकलं. डोंगरावर स्कीइंगचं पर्यटन येऊ घातलं होतं आणि त्याबरोबर गर्दी. 1952 मध्ये दोघे मेनच्या किनाऱ्यावरच्या केप रोझियरला गेले. मेपलची जागा ब्लूबेरीने घेतली, आणि वयाच्या सत्तरीत स्कॉट यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

व्हरमाँटच्या अनुभवावरचं ‘लिव्हिंग द गुड लाइफ’ हे पुस्तक त्यांनी 1954 मध्ये काढलं, तेव्हा फारशी कुणी त्याची दखल घेतली नाही. 1970 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं आणि चित्र पालटलं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, कॉलेजातली मुलं आईवडिलांच्या उपनगरी सुखाला कंटाळली होती. दर उन्हाळ्यात तरुणांची रीघ केप रोझियरला लागली. येणाऱ्याच्या हाती खुरपं किंवा ढकलगाडी दिली जाई आणि गप्पा कामासोबतच होत. 1983 च्या ऑगस्टमध्ये शंभरावा वाढदिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत स्कॉट गेले. शेवटचे काही आठवडे त्यांनी ठरवून अन्न कमी करत नेलं होतं. हेलन 1995 मध्ये घराजवळच्या मोटार अपघातात गेल्या.

एवढं वाचून राजीनामा लिहायला बसण्याआधी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जीन हे ब्राइट या त्यांच्या शेजारणीने 2003 मध्ये एक पुस्तक लिहिलं. नियरिंग यांच्याकडून जमीन घेऊन त्यांच्या पुस्तकाबरहुकूम जगू पाहणाऱ्या तरुणांपैकी त्या एक. दोघांनाही वारशाने पैसा मिळाला होता, देणग्या येत होत्या, स्वयंसेवकांचे हात होते, आणि पुस्तकातल्या हिशेबात हे सगळं नीट आलेलं नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. आक्षेप गंभीर आहे. ज्यांनी जमाखर्चावर एवढा भर दिला, त्यांनी जमेच्या रकान्यातल्या काही ओळी मोकळ्या ठेवल्या, आणि त्या हिशेबावर विश्वास ठेवून कितीतरी तरुण जोडपी जंगलात गेली.

शेजारच्याच एलियट कोलमन यांची कहाणी याहून जड आहे. 1968 च्या सुमारास नियरिंग यांनी त्यांना 60 एकर जमीन स्वतःच्या खरेदीच्या भावात, एकरी 33 डॉलरला दिली. पती-पत्नीने तिथे झाडं तोडून, माती घडवून शेत उभं केलं, आणि वर्तमानपत्रांनी त्यांचं कौतुक केलं. पण कामाचा रगाडा संपेना. दोघंही पिचत गेली. 1976 मध्ये त्यांची लहान मुलगी शेतातल्या तळ्यात बुडून गेली आणि पुढे संसार मोडला. थोरल्या मुलीने, मेलिसा कोलमन यांनी, 2011 मध्ये हे सगळं आठवणींच्या पुस्तकात लिहिलं. नियरिंग यांच्या घरात त्या काळात लहान मुलं नव्हती, ही बाब दिसते किरकोळ, पण चार-चार तासांची ती सुरेख वाटणी बऱ्याच अंशी तिच्यावर उभी होती. रांगतं मूल किंवा अंथरुणाला खिळलेले सासरे असलेल्या घरात दिवसाचे असे सरळ तुकडे पडत नाहीत.

मुळशी, कर्जत, दापोलीकडे प्लॉट पाहायला जाणाऱ्या आजच्या चाळिशीतल्या जोडप्यांच्या बोलण्यात विहिरीचं पाणी, आंब्याची कलमं आणि सोलर पंप येतात. आजारपण, मुलांची शाळा, शेजार हे विषय नंतर निघतात, बहुधा पहिल्या पावसाळ्यात. वर्षाला नेमके किती पैसे पुरतील, हा आकडा तर क्वचितच कुणी कागदावर मांडतो. तो मांडला नाही तर शेतही ऑफिससारखंच चालतं. होमस्टे काढावा लागतो, मग त्याची जाहिरात, मग पाहुण्यांचे अभिप्राय, आणि शनिवार-रविवार पुन्हा दुसऱ्याच्या तालावर. हा आकडा मांडण्यासाठी गावाला जावंच लागतं असंही नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही तो मांडता येतो, आणि कदाचित पहिल्यांदा तिथेच मांडावा.

शेजाराबद्दल नियरिंग दांपत्याने स्वतःच प्रांजळपणे लिहिलं आहे. व्हरमाँटच्या खोऱ्यात सहकाराने काम व्हावं म्हणून त्यांनी वीस वर्षं धडपड केली, आणि तिथेच ते सर्वांत जास्त अपयशी ठरले. गावकरी भले होते, अडीनडीला धावत, पण कुणाला दुसऱ्याच्या वेळापत्रकाने जगायचं नव्हतं.

त्याच सुमारास पवनारला विनोबा श्रम, पैसा आणि शेजार यांचं हेच कोडं दुसऱ्या टोकाने सोडवू पाहत होते. 1950 मध्ये परंधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाशिवाय चालायचं, आणि बैल न जुंपता माणसाच्या हाताने ऋषिशेती करायची. पुढच्याच वर्षी ते तेलंगणात गेले, पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि विनोबांची पावलं देशभर वळली. 1959 मध्ये त्यांनी पवनारच्या त्याच जागी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई ही सगळी कामं तिथल्या भगिनींनी आपसात वाटून घेतली. ‘मैत्री’ हे मासिकही त्याच काढू लागल्या. तिथे कुणी प्रमुख नेमलेली नाही. निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वानुमतीने होतात, आणि एकीचा जरी विरोध असला तरी तो विषय पुढे ढकलला जातो.