फटींचा हिशेब

थंड प्रदेशातील जुन्या घराला फटी असतील, तर पैसे मोजून निर्माण केलेली ऊब छपरावाटे निघून जाते आणि गरीब कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा वाटा इंधनावर खर्ची पडतो. १९७३च्या तेलसंकटाने इंधनाचे भाव भडकल्यावर अमेरिकेच्या संसदेने १९७६ साली कायदा करून 'वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम' सुरू केला. इंधनाच्या बिलाला हातभार लावणारी योजना तेथे वेगळी आहे. वेदरायझेशनची योजना मात्र घरच दुरुस्त करते आणि त्याचे पैसे कुटुंबाकडून घेत नाही. ऊर्जा खात्याचा निधी राज्यांमार्फत स्थानिक संस्थांकडे जातो. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे पात्र ठरतात, आणि त्यांतही वृद्ध, अपंग व लहान मुले असलेल्या घरांना अग्रक्रम मिळतो.

आरंभी खिडक्यांवर प्लास्टिक ताणणे आणि फटी लिंपणे असे तात्पुरते उपाय होत. पुढे अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात. तो आतली हवा बाहेर फेकून घरातील दाब ५० पास्कलने उतरवतो, त्यामुळे बाहेरची हवा प्रत्येक फटीतून आत घुसते आणि नुसता हात धरला तरी झोत जाणवतो. 'ब्लोअर डोअर' नावाच्या या चाचणीत, रहिवाशांचा संशय खिडक्यांवर असला तरी, मोठी गळती पुष्कळदा माळ्यावर, नळ आणि धुराड्याभोवतीच्या पोकळीत सापडते, कारण गरम हवा वर चढून तेथूनच निसटते. त्या फटी आधी बुजवून मग माळ्यावर व भिंतींच्या पोकळीत सेल्युलोज, म्हणजे रद्दी वर्तमानपत्रांचा अग्निरोधक प्रक्रिया केलेला चुरा, नळीने भरतात. घर घट्ट झाल्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइड आत कोंडू नये म्हणून भट्टी आणि वायुवीजनही तपासले जाते.

ऊर्जाबचतीच्या प्रत्येक उपायाची आयुष्यभराची बचत निदान त्याच्या खर्चाइतकी भरावी, असा दंडक आहे. मात्र छप्पर गळके किंवा वीजतारा धोकादायक असल्यास काम लांबणीवर पडते, कारण हा निधी मुख्यतः ऊर्जाबचतीचा आहे. परिणामी ज्या घराला मदतीची सर्वाधिक निकड, तेच कित्येकदा वगळले जाते. अशा घरांची पूर्वदुरुस्ती करण्यासाठी २०२२च्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद झाली, तेव्हा फटीआधी छप्पर सांधावे लागते ही गोष्ट हिशेबात आली.