आधी ऊब, मग सूर

बासरी वाजवणाऱ्याला श्वास कमी पडतो. ओबो वाजवणाऱ्याची अडचण नेमकी उलटी: त्याचा श्वास संपता संपत नाही. ओबोच्या तोंडाशी दोन पातळ पाती एकमेकींना जोडून बांधलेली असतात, आपल्या सनईच्या पत्तीच्याच तत्त्वावर. त्यांच्यामधली फट इतकी चिंचोळी की जोर लावूनही हवा जेमतेम आत शिरते. दीर्घ ओळ वाजवून झाली तरी छाती भरलेलीच, पण त्या हवेतला ऑक्सिजन कमी झालेला आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला. हवा असूनही जीव घाबरा होतो! म्हणून जाणकार वादक विरामात आधी उरलेला श्वास सोडतो, मगच नवा घेतो. विराम फारच छोटा असेल, तर एका विरामात सोडणं आणि पुढच्या विरामात घेणं.

या कसरतीचा कळस संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या ओबो कॉन्चेर्टोत आहे. 1945मध्ये जर्मनीत आलेल्या जॉन डी लॅन्सी या अमेरिकी सैनिकाने, जो स्वतः ओबोवादक होता, स्ट्राउसला ओबोसाठी काही लिहाल का असं विचारलं. आधी साफ नकार मिळाला, आणि नंतर त्याच वर्षी ही रचना झाली. तिच्यात ओबो एकदा सुरू झाला की पन्नासहून अधिक बार वादकाला धड विश्रांतीच नाही.

हाच श्वास वाद्याच्या जिवावरही उठू शकतो. ओबो बहुधा आफ्रिकेतल्या ग्रेनाडिला लाकडाचा असतो. हे लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं, इतकं घट्ट. वरच्या भागातली नळी सुरुवातीला जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असते, आणि सर्वांत गरम, दमट हवा पहिल्यांदा तिथेच पोचते. आतून लाकूड फुगायला लागतं, बाहेरून मात्र गारच. थंडगार काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतल्यावर जे होतं, तेच इथे होऊ शकतं: चीर. मुंबईच्या दमट हवेतून वाद्य थेट एसी लावलेल्या सभागृहात नेलं, तर जास्तच काळजी घ्यायची.

उपाय अगदी साधा आहे. वरचा भाग पाच-दहा मिनिटं तळव्यांत किंवा काखेत धरायचा, म्हणजे बाहेरून ऊब मिळते. नळीत फुंकून तो तापवायला जाऊ नये, कारण तो धोका ओढवून घेणंच झालं. नवा ओबो असेल तर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवायचा आणि वेळ सावकाश वाढवायची. मला ही शिस्त फार आवडते. नव्या वाद्यावर तुटून पडावंसं वाटतं तेव्हाच लाकूड हात आखडता घ्यायला लावतं.

वरचा भाग ऊब घेतोय तोवर रीडचं, म्हणजे त्या जोडलेल्या पात्यांचं, टोक दोनेक मिनिटं कोमट पाण्यात भिजू द्यावं. मग ती वाद्याला न लावता नुसती फुंकायची. चांगली रीड कावळ्यासारखी खरखरते, आणि कान देऊन ऐकलं तर त्या खरखरीत एकाच स्वराची दोन सप्तकं ओळखू येतात.

आता पहिले सूर: मधल्या सप्तकातले, लांब, हळू आवाजात सुरू करून वाढवत न्यायचे आणि परत उतरवायचे. सुरुवातीला ते थोडे उतरलेले वाटतील. नळीतली हवा 10 अंशांनी तापली की ध्वनीचा वेग सुमारे पावणेदोन टक्के वाढतो, आणि 440 हर्ट्झचा सूर 447च्या पुढे सरकू पाहतो. ज्या वाद्याच्या 'ए'वर सगळा वाद्यवृंद सूर मिळवतो, त्याचा स्वतःचा सूर असा तापमानावर हलतो! म्हणून ट्यूनर बघायचा तो वाद्य तापल्यावर.

शरीराचंही ऐकायला हवं. ओठ दातांवर दुमडून रीड धरल्यामुळे ओठांच्या कडा लवकर दमतात. तिथून हवा निसटू लागली की थांबावं. तसंच वाजवत राहिलं तर रीड चावायची सवय लागते. वाद्याचा भार उजव्या अंगठ्यावर असतो, तो दुखू लागला तर गळपट्टा वापरावा. चक्कर आली तर वाद्य खाली ठेवावं. इतक्या दाबाने फुंकताना डोळ्यांतला दाबही तात्पुरता वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

वाजवून झालं की आतलं पाणी रेशमी फडक्याने टिपायचं. दोरी रुंद टोकातून आत सोडून फडकं वरच्या अरुंद टोकाकडे ओढतात. मात्र फडक्याला मागेही दोरीचं शेपूट हवं. मध्येच अडकलं, तर उलट ओढून सोडवता येतं.