बालअत्याचाराचा संशय आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची निर्णयप्रक्रिया

प्रस्तावना :
बालकाच्या अंगावरील जखम अपघाताची की अत्याचाराची, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने उशिरा विचारला. १९६२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर महत्त्वाचा निबंध लिहिला. असा संशय आल्यावर आरोग्य कर्मचारी निर्णय कसा घेतात व कोठे अडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संशयाची चिन्हे :
जखम आणि तिची सांगितलेली हकिकत यांचा मेळ बसतो काय, हे प्रथम पाहिले जाते. अद्याप न चालणाऱ्या अर्भकाच्या अंगावरील वळ, कान वा मानेवरील खुणा, उपचारास झालेला विलंब, बदलत जाणारी हकिकत ही चिन्हे संशय निर्माण करतात. ती स्वतः पुरावा नव्हेत.

कायद्याची अपेक्षा :
लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा तो घडण्याची आशंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने कळवणाऱ्यास संरक्षण आहे. राजुरा (जि. चंद्रपूर) येथील वसतिगृहातील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अत्याचाराची माहिती असूनही कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केलेला त्यांच्याविरुद्धचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा कायम केला.

ग्रामीण वास्तव :
अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावात आशा सेविका गावातीलच रहिवासी असते. ज्या घराविषयी संशय, त्याच घरी तिला उद्या लसीकरणासाठी जायचे असते. बालविवाहातील गर्भवती मुलगी तपासणीस आली, तर पेच अधिक गहिरा होतो : कळवल्यास कुटुंब दवाखान्याकडे पाठ फिरवील, ही भीती निराधार नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरता यावर मार्ग काढला. मुलगी व पालक यांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

निष्कर्ष :
गुन्हा सिद्ध करणे हे आरोग्य कर्मचाऱ्याचे काम नाही. बालकाचे शब्द जसेच्या तसे नोंदवणे, वैद्यकीय अधिकाऱ्याशी चर्चा करणे आणि कळवणे एवढेच त्याचे काम आहे. खात्री होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत बालक मोजते. म्हणून प्रशिक्षणात चिन्हांच्या ओळखीइतकेच, कळवणाऱ्या सेविकेच्या पाठीशी संस्थेने उभे राहण्यास महत्त्व दिले पाहिजे.