मिरीच्या व्यापारातले बेट : तिसवाडी

पणजी आणि जुने गोवे ही दोन्ही ठिकाणे तिसवाडी बेटावर आहेत. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि पूर्वेला या नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. आता सगळीकडे पूल झाल्याने हे बेट असल्याचे रस्त्याने येणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून जिंकले. मिरी पिके मलबारात, पण १५३० पासून पोर्तुगीजांचा पूर्वेकडील कारभार इथून चाले. जुन्या गोव्याची भव्य चर्चे त्याच भरभराटीच्या काळातली. मांडवीच्या धक्क्याजवळची जांभ्या दगडाची कमान मात्र १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली आहे. नवा व्हाइसरॉय या कमानीतूनच शहरात शिरत असे. नदीकडच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे.

मसाल्यांचा खरा अभ्यासक म्हणजे वैद्य गार्सिया द ओर्ता. मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ यांची बारकाईने माहिती देणारा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. पणजीत ओर्ताच्या नावाची बाग आहे.

रोगराईने जुने शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला हलली. जुन्या गोव्यातली चर्चे १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पणजीहून जुने गोवे सुमारे १० किलोमीटर. तिथून फेरीबोटीने शेजारच्या दिवाडी बेटावरही जाता येते.